पुढच्या आठवड्यात नक्की!

"काकू, ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की!"

२०२१ च्या दसऱ्यापासून २०२२ च्या शिमग्यापर्यंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की नंतर नंतर तिनं फोनवर नुसतं "काकू" म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकायची. सांगणारी आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची मुलगी. आणि वाट बघणं चाललं होतं ते एका कॅमेऱ्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याची कसली एवढी वाट बघायची? तो काय गॅस आहे, की नळाचं पाणी? हौसेची वस्तू. आली तर आली, नाहीतर मोबाइल आहेच सगळ्यांच्या हातात. मैत्रिणींनो, मलाही आधी अगदी असंच वाटायचं. आमच्या घरात तर 'ह्यां'नी एका वाक्यात निकाल लावला होता, "तुमच्या त्या पोरीला लग्नाला थांबता येतंय, मग कॅमेऱ्यासाठी थांबायला काय झालं?"

ही पोर म्हणजे आमच्या कराडातली 'फोटोवाली'. तिला नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. वडील लवकर गेले. वहिनी घरी शिवणकाम करतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. मुलगी बारावीनंतर एका फोटो स्टुडिओत लागली. आधी नुसती कॉम्प्युटरवर बसून अल्बमची पानं लावायची, पासपोर्ट फोटोंच्या मागचा पडदा निळ्याचा पांढरा करायची. मग लग्नात लाइट धरायला जाऊ लागली. लाइट धरता धरता कॅमेरा धरायला शिकली आणि चार वर्षांनी एक जुना, सेकंडहँड कॅमेरा घेऊन स्वतःचं काम सुरू केलं.

तिचं काम वाढलं ते बायकांमुळे. डोहाळेजेवण असो, बारसं असो, हळद असो, बांगड्या भरायचा कार्यक्रम असो, जिथं सगळा बायकांचाच मेळा असतो तिथं पुरुष फोटोग्राफर आला की बायका आपोआप पदर सावरून बसतात. हसणारी तोंडं मिटतात. ही गेली की तसं होत नाही. नवरीची आई आधीच सांगते, "त्या पोरीलाच पाठवा बाई." नवरी नटत असताना खोलीत शिरायला तिला कुणी अडवत नाही. एकदा एका आजीबाईंनी तिला फोटो काढता काढताच उखाणा घ्यायला लावला होता!

पण २०२१ च्या फेब्रुवारीत तिच्यावर एक प्रसंग आला. एका लग्नात तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड बिघडलं. घरी येऊन लावलं तर उघडेचना. कोल्हापूरला नेऊन थोडे फोटो परत मिळवले, पण नेमके अक्षता पडतानाचे आणि कन्यादानाचे गेले ते गेलेच. तिनं सगळे पैसे परत केले. मुलीचे वडील भले होते, आरडाओरडा केला नाही. नुसतं म्हणाले, "पैशाचं काही नाही गं, पण लग्न काय पुन्हा लावायचं का आता?" ते वाक्य तिला फार लागलं. आठ दिवस जेवली नाही धड.

मला तेव्हा कळलं, की स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एकच कार्ड बसतं. वरच्या वर्गातल्या, महागड्या कॅमेऱ्यांत दोन बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरवता येतो. एक दगावलं तरी दुसरं असतं. शिवाय हे मोठे कॅमेरे कमी उजेडात चांगले चालतात. आपल्याकडे लग्नं म्हणजे कुठं मंडपातले पिवळे दिवे, कुठं पहाटेची हळद, कुठं देवघरातली समई. फ्लॅश मारला की समईच्या उजेडातलं सगळं सौंदर्य जातं, हे मी तिच्याच फोटोंवरून शिकले. तर असा कॅमेरा घ्यायचा म्हणजे नुसत्या बॉडीलाच (लेन्स वेगळी बरं का!) १ लाख ९० हजार रुपये.

गटाच्या बैठकीत तिच्या कर्जाचा विषय निघाला तेव्हा मीच तिची वकिली केली. आमच्या एका आक्काबाईंनी विचारलं, "एवढ्यात दोन म्हशी येतात की. म्हैस दुसऱ्या दिवशी धार देती. ह्यो कॅमेरा काय देनार?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "तो लग्नसराईत धार देतो." शेवटी ५० हजार मंजूर झाले, महिना दोन टक्क्यांनी. ६० हजार तिचे स्वतःचे साठवलेले होते. उरलेल्या ८० हजारांसाठी वहिनींनी आपल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. त्याचं व्याज महिना एक टक्का.

दसऱ्याच्या मुहूर्तावर, १५ ऑक्टोबरला, तिनं पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात ५० हजार भरून कॅमेरा बुक केला. माल आठ-दहा दिवसांत येईल, दिवाळीआधी हातात मिळेल, बाकीचे पैसे तयार ठेवा, असं सांगितलं गेलं. म्हणूनच तर पाटल्या लगेच ठेवल्या. हिशेब सोपा होता. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. आदल्या दोन वर्षांत कोरोनानं लग्नं घरातल्या घरात उरकली होती. यंदा तुंबलेली सगळी लग्नं निघणार होती. तिच्याकडे जानेवारीपर्यंतच्या चांगल्या ऑर्डरी होत्या.

दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं. कॅमेरा नाही.

ती दुकानात फोन करायची. कधी "माल मुंबईत आलाय", कधी "कंपनीनंच पाठवला नाही", कधी "दोनच पीस आले होते, ते तुमच्या आधीच्यांना गेले". कधी कुणी नवाच पोरगा फोन उचलायचा आणि नाव-गाव पहिल्यापासून विचारायचा. पण प्रत्येक फोनच्या शेवटी तेच, पुढच्या आठवड्यात नक्की.

इकडे लग्नं थोडीच थांबणार? जुन्या कॅमेऱ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. मग ती कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरकडून दोन कार्डांचा कॅमेरा भाड्यानं आणू लागली. दिवसाचे १,५०० रुपये. त्यात तेव्हा एसटीचा संप चालू होता. लग्नाच्या आदल्या दिवशी वडापनं कोल्हापूर गाठायचं, गळ्यात कॅमेरा सांभाळत परत यायचं, लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा. वडापमध्ये पंधरा माणसांत कोंबून बसलेली ही पोर मांडीवर ती पिशवी अशी धरायची, जसं काही तान्हं मूलच आहे. जानेवारीत पुन्हा ५० माणसांची अट आली, त्यात दोन ऑर्डरी गेल्या.

आणि व्याज? व्याजाला संप नसतो आणि अटही नसते. गटाचे हजार आणि पतसंस्थेचे ८००, महिन्याला १,८०० रुपये जात होते. तेही न आलेल्या कॅमेऱ्यापायी! एक लाख ४० हजार बँकेत नुसते पडून, कारण फोन आला की लगेच भरावे लागणार होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी आल्या. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. बायकांची नजर काय सांगायची! एकीनं लगेच विचारलं, "वहिनी, पाटल्या कुठं गेल्या?" "पॉलिशला दिल्यात," वहिनी म्हणाल्या आणि वाण लुटायला पुढं सरकल्या. मला तिळगूळ घशाखाली उतरेना. "बुक करून टाक, मी आहे ना" असं म्हणणारी मीच होते.

त्याच सुमाराला माझा भाचा पुण्याहून आला होता. त्याला कॅमेऱ्यांचं वेड आहे. मी सगळा राग त्याच्यावर काढला. म्हटलं, "अरे, पैसे देऊनही वस्तू मिळत नाही म्हणजे काय? हे काय माझ्या वडिलांच्या वेळचं चेतक आहे का?"

आमच्या पिढीला हे चेतकचं प्रकरण चांगलं आठवतं. त्या काळी बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काही ठिकाणी दहा-दहा वर्षंसुद्धा. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची म्हणून ती जन्मल्यावरच नाव नोंदवावं, असं लोक गमतीनं म्हणायचे. फोनचं तसंच, गॅसचं तसंच. माझ्या वडिलांनी स्कूटर आल्यावर पेढे वाटले होते आणि तिच्याशेजारी आम्हा भावंडांना उभं करून अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यानं फोटो काढला होता. त्या रोलमध्ये फक्त १२ फोटो यायचे, म्हणून वडील "हलू नका" असं इतक्या जरबेनं सांगायचे, की सगळ्या फोटोंत आम्ही भेदरलेलेच आहोत. १९९१ नंतर ते परवाना-कोटा सगळं गेलं, दुकानं मालानं भरली. त्यामुळे 'नंबर लावून थांबणं' हा प्रकार आपण विसरूनच गेलो होतो.

भाचा म्हणाला, "आत्या, चेतकच्या वेळी सरकारच ठरवायचं कुणी किती माल काढायचा ते. इथं तसं नाही." मग त्यानं जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

चांगले कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, बहुतेक जपानी. त्यांचे कारखानेही मोजकेच, जपानात किंवा थायलंडसारख्या ठिकाणी. त्यामुळे एका जागी काही झालं की सगळ्या जगाचा माल अडतो. ११ मार्च २०११ ला जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा निकॉनचा सेंडाईचा कारखाना बंद ठेवावा लागला. तो सावरतो न सावरतो तोच ऑक्टोबरमध्ये थायलंडला महापूर आला आणि अयुथया भागातले कारखाने पाण्यात गेले. त्यात निकॉनचाही होता, सोनीचाही होता. (आम्हा कृष्णाकाठच्या बायकांना पूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ चं पाणी अजून डोळ्यांसमोर आहे.) पुढं एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला. तिथं सोनीचा सेन्सरचा कारखाना आहे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळ्यामागचा पडदा समजा. सोनी हा पडदा दुसऱ्या कंपन्यांनाही पुरवते, म्हणून एक कारखाना थांबला की अनेकांची चूल थंड.

कधी कधी तर वस्तू येतच नाही. निकॉननं २०१६ च्या फेब्रुवारीत डीएल नावाचे तीन छोटे, उत्तम कॅमेरे जाहीर केले. लोक वर्षभर वाट बघत बसले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत कंपनीनं ते रद्दच करून टाकले!

आमची फोटोवाली थांबली होती तेव्हाचं कारण मात्र भूकंपाचंही नव्हतं आणि पुराचंही नव्हतं. ते होतं चिपचं. कोरोनात सगळं जग घरात बसलं, लॅपटॉप आणि फोनची मागणी वाढली, आणि प्रत्येक यंत्रात लागणाऱ्या या इवल्याशा तुकड्याचा दुष्काळ पडला. एक चिप तयार होऊन बाहेर पडायलाच तीन-चार महिने लागतात आणि नवा कारखाना उभा करायला काही वर्षं. गाड्या अडल्या, तिथं कॅमेऱ्यांना कोण विचारतो? २०२१ च्या शेवटी सोनीनं आपल्या काही कॅमेऱ्यांच्या ऑर्डरी घेणंच थांबवलं होतं. निदान त्यांनी तसं उघड सांगितलं तरी!

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली ती मला जास्त पटली. मोबाइलनं साधे कॅमेरे खाऊन टाकले. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. म्हणजे शंभर कॅमेऱ्यांच्या जागी सहा-सात. मग उरलेल्या कंपन्यांनी ठरवलं, थोडेच बनवायचे, पण भारी बनवायचे. कारखाने वाढवायचा धोका कोण घेणार? आणि अशात एखादं मॉडेल एकदम लोकांच्या मनात भरलं, की झालीच टंचाई. फुजिफिल्मनं २० फेब्रुवारी २०२४ ला 'एक्स-१०० सिक्स' नावाचा एक सुबक, जुन्या घाटाचा कॅमेरा जाहीर केला. त्याच्या आधीचा, २०२० सालचा कॅमेरा तरुण मुलामुलींनी मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून इतका गाजवला होता, की नव्यावर जगभर उड्या पडल्या. लोक कित्येक महिने थांबले. काहींनी तर आपला कॅमेरा हातात पडताच चढ्या भावानं विकला!

आता खरं सांगू? हौसेसाठी थांबणारा माणूस आणि पोटासाठी थांबणारा माणूस यांचं थांबणं एक नसतं. हौशी माणूस वैतागतो, चार शिव्या देतो, मग त्या वाट बघण्यातही त्याला थोडी मजा येते. आम्ही नाही का सणाच्या साडीची वाट बघत! पण जिच्या पाटल्या पतसंस्थेत आहेत तिला प्रत्येक 'पुढचा आठवडा' पैशांत मोजावा लागतो. दुकानदाराच्या वहीत मात्र दोघांचं नाव एकाच यादीत.

फेब्रुवारीत मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. दुकान कसलं, काचेचा महालच. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा विचारला. मालक बोलायला गोड. त्यांची बाजूही मी ऐकून घेतली. कंपनीकडून महिन्याला दोन-तीनच पीस येतात, मागणारे तीस, मी तरी काय करू, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नसेल. पण पुढं म्हणाले, "मॅडम, लवकर हवा असेल तर एक मार्ग आहे. आमच्या किटमध्ये घ्या. कॅमेऱ्याबरोबर ही लेन्स, बॅग आणि कार्ड. किटवाल्यांना आम्ही आधी देतो. आणि हो, नुसत्या बॉडीची किंमत आता १२ हजारांनी वाढलीय."

म्हणजे बघा, पीस होते. ज्यांच्याकडे आणखी ५०-६० हजार होते त्यांच्यासाठी होते. कोपऱ्यातला एक पोरगा तर हळूच कानाशी येऊन म्हणाला, "बाहेरचा माल आहे, बिलाशिवाय. उद्या देतो." बिल नाही म्हणजे इथली वॉरंटी नाही. उद्या तो बिघडला तर कुणाच्या दारात उभं राहायचं?

मी पावती मागून पाहिली. दसऱ्यापासून पोरीनं ती देवघरात, लक्ष्मीच्या फोटोमागं ठेवली होती. त्यावर मॉडेलचं नाव, ५० हजारांचा आकडा आणि खाली बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार'. तारीख नाही. ठरलेली किंमतसुद्धा नाही. जमिनीचा व्यवहार करताना इसार पावतीवर आपण मुदत घालतो. साधं ब्लाउज शिवायला टाकलं तरी वहिनी कागदावर तारीख लिहून देतात. आणि इथं १ लाख ९० हजारांच्या वस्तूला तारीख नाही!

"तारीख लिहून द्या," मी म्हटलं. मालक हसले. "मॅडम, तारीख तर कंपनीपण देत नाही."

परत आल्यावर मी आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम केलेलं. त्यांनी चष्मा पुसून पावती वाचली आणि म्हणाले, "ताई, आधी हे ठरवू की ही मुलगी ग्राहक आहे की नाही." मी चक्रावले. पैसे भरले ती ग्राहकच ना? तर तसं नसतं. धंद्यासाठी वस्तू घेतली तर ग्राहक कायदा लागू होत नाही आणि विक्रेते हेच तोंडावर फेकतात. पण त्याच कायद्यात एक सवलत आहे. जो माणूस स्वतः राबून, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच वस्तू घेतो तो ग्राहकच धरला जातो. हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? शिलाई मशीन घेणारी, घरी पिठाची गिरणी टाकणारी, पापडाचं यंत्र आणणारी, सगळ्याच यात येऊ शकतात.

मग त्यांनी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढला. हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'निर्बंधात्मक व्यापारी प्रथा' म्हणून एक भाग आहे. भाषा सरकारी, पण अर्थ सरळ आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं त्यात बसतं. आणि कबूल केलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा देणं, ज्यामुळे भाव वाढला किंवा वाढायची शक्यता आहे, हेही त्यात बसतं. म्हणजे किटची अट आणि १२ हजारांची वाढ, दोन्ही! "पण कबूल मुदत कुठाय?" गुरुजींनी पावतीवर बोट ठेवलं. "ती लिहून घेतली असती तर आज आपण ताठ बसलो असतो." मी गप्प.

सुदैवानं पोरीच्या मोबाइलवर दुकानाचा एक मेसेज होता, 'दिवाळीपूर्वी डिलिव्हरी'. गुरुजींनी त्याची प्रत काढायला लावली, सगळ्या फोनच्या तारखा लिहून काढायला लावल्या आणि एक पानाचं पत्र करून दिलं. पंधरा दिवसांत ठरल्या किमतीला कॅमेरा द्या, नाहीतर अ‍ॅडव्हान्स व्याजासह परत करा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. हे पत्र रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, दुकान पुण्याला असलं म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आणि फोनवर विचारायचं झालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो लिहून ठेवा.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. शिमगा झाला आणि गुढीपाडव्याच्या आत ५० हजार तिच्या खात्यात जमा झाले. व्याज मात्र दिलं नाही. गुरुजी म्हणाले, भांडू या. मीही पदर खोचला होता. पण पोर म्हणाली, "काकू, एप्रिल-मेमध्ये माझे अकरा कार्यक्रम आहेत. मी लग्नं करू की तारखा करू?" तिचं बरोबर होतं. अशा वेळी आपल्याला तत्त्व दिसतं आणि तिला कॅलेंडर. तरी माझ्या मनात ते अजून आहेच. हिशेब केला तर पाच महिन्यांचं ९ हजार व्याज आणि चौदा दिवसांचं २१ हजार भाडं, असे ३० हजार गेले. त्यात वडापचं भाडं धरलेलं नाही.

कॅमेरा शेवटी कुठून आला माहितीये? ज्याच्याकडून ती भाड्यानं आणायची त्या कोल्हापूरच्या फोटोग्राफरनंच एक दिवस विचारलं, "ताई, सारखी नेतेस आणि आणतेस, आता घेऊनच का जात नाहीस?" त्याला धंदा बंद करून भावाच्या हॉटेलात बसायचं होतं. भाच्याला फोन करून सगळं तपासून घेतलं. गाडीचे किलोमीटर बघतात तसे कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले तेही बघता येतं, हे मला नव्यानं कळलं. मूळ बिल होतं. १ लाख ३० हजारांना सौदा ठरला आणि या वेळी साध्या वहीच्या कागदावर का होईना, तारीख, किंमत, दोघांच्या सह्या, सगळं लिहून घेतलं. उरलेले ६० हजार तिनं पतसंस्थेत भरले, बाकीचे २० हजार मे महिन्याच्या कमाईतून. पाटल्या घरी आल्या.

गटात आता नियमच केलाय. कुणीही कर्जातून वस्तू बुक केली, की पावती बैठकीत दाखवायची. तारीख आणि किंमत नसेल तर कर्जाचा चेक निघत नाही. मघाच्या त्या आक्काबाई हे सगळ्यात कडकपणे बघतात. परवा एकीच्या पिठाच्या गिरणीची पावती त्यांनी परत पाठवली.

जूनमध्ये आमच्याच गल्लीत एक डोहाळेजेवण होतं. झोपाळा फुलांनी सजवलेला, पोरगी हिरव्या साडीत, बायकांची गाणी रंगात आलेली. फोटोवाली जमिनीवर गुडघे टेकून फोटो काढत होती. तिची पर्स आणि मोबाइल माझ्याकडे. मोबाइल वाजला, नाव बघितलं आणि मीच उचलला.

"अभिनंदन मॅडम! तुमचा कॅमेरा आला. यादीत तुमचाच नंबर पहिला आहे."

"किंमत?" मी विचारलं.

"दोन लाख दोन हजार."

"आणि बॅग?"

"बॅग घ्यावी लागेल मॅडम."

मी फोनवर हात ठेवला आणि तिला हळूच सांगितलं. तिनं डोळा कॅमेऱ्याला तसाच लावलेला ठेवला. खटखट दोन फोटो काढले आणि म्हणाली, "काकू, सांगा त्यांना, येते म्हणावं. पुढच्या आठवड्यात नक्की!"